समान अंतरावरची भोके : एका संगणकीय आज्ञेची चिकित्सा

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरांत भोकाभोकांचा एक जाड कागद जपून ठेवलेला असे. कागदावर खुणा करायच्या, पेटत्या उदबत्तीच्या टोकाने प्रत्येक खुणेवर एक भोक पाडायचे, मग तो कागद जमिनीवर ठेवून त्यावरून रांगोळी फिरवायची. कागद उचलला की समान अंतरावरचे ठिपके तयार. पट्टी हाताशी नसली तर खुणा करण्यासाठी कागदाच्या घड्या घालता येतात. एक घडी घातली की दोन भाग होतात, दुसरी घातली की चार आणि तिसरी घातली की आठ. आता कागद उलगडून प्रत्येक मोडीवर एक भोक पाडले, तर एका ओळीत किती भोके पडतील? वर्गात विचारून पाहा. भाग आठ, म्हणून भोकेही आठ, असे उत्तर बरीच मुले देतात. प्रत्यक्षात ती सात पडतात.

हेच काम आता संगणकावर एका आज्ञेने होते. यंत्रांचे सुटे भाग, इमारती, खेळणी यांची आरेखने करण्याच्या ज्या आज्ञावल्या आहेत त्यांना सर्वजण 'कॅड' म्हणतात. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीमधील आपल्या प्रबंधात 'स्केचपॅड' ही आज्ञावली मांडली. पडद्यावर रेषा काढून संगणकाशी आरेखनाच्या भाषेत बोलता येते हे तिने दाखवून दिले. १९८२ च्या अखेरीस 'ऑटोकॅड' आली आणि कॅड छोट्या संगणकावर पोचले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे त्रिमितीय छपाईची यंत्रे शाळांत आली आणि त्यांच्याबरोबर कॅडही आले. जवळपास प्रत्येक कॅडमध्ये 'पॅटर्न' किंवा 'ॲरे' नावाची आज्ञा असते. एक भोक काढा, संख्या सांगा, अंतर सांगा. बाकीची भोके संगणक पाडतो.

ही आज्ञा वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. माझ्या स्वतःच्या कामात ती रोज लागते. पण शिकवण्याचे साधन म्हणून तिच्याकडे पाहिले, तर तिच्यात एक दोष आहे आणि तो शिक्षकांनी ओळखायला हवा असे मला वाटते. त्याची गोष्ट आधी सांगते.

सहा हवीत तर सात सांगा

तालुक्याच्या गावातील एका शाळेत विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी मी गेले होते. नववीची मुले परीक्षानळ्यांसाठी एक स्टँड तयार करत होती. ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी आणि तिच्यावर २० मिलिमीटर व्यासाची सहा भोके, सर्व समान अंतरावर. एका मुलाने डाव्या कडेपासून २५ मिलिमीटरवर पहिले भोक काढले. मग आज्ञा दिली : एकूण लांबी ३००, संख्या ६. पडद्यावर पाचच भोके दिसली आणि उजवीकडे मोकळी जागा राहिली. त्याने क्षणभर विचार केला आणि ६ च्या जागी ७ टाकले. आता सहा भोके दिसू लागली, तीही दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर, अगदी देखणी. मुलगा खूश झाला. "मॅडम, सहा हवी असली ना, की सात सांगायचं," त्याने मला समजावून सांगितले.

संगणकाने काय केले होते? एकूण लांबी ३०० म्हणजे पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, असा त्या आज्ञेचा अर्थ होता. सहा भोकांमध्ये पाच गाळे, म्हणून प्रत्येक गाळा ६० मिलिमीटरचा. भोके २५, ८५, १४५, २०५, २६५ आणि ३२५ वर पडली. पट्टी ३०० वरच संपते. सहावे भोक हवेत पाडले गेले. सात सांगितल्यावर गाळे सहा झाले, प्रत्येक ५० मिलिमीटरचा. भोके २५, ७५, १२५, १७५, २२५, २७५ वर आली आणि सातवे ३२५ वर, पुन्हा हवेत. चित्र बरोबर आले. नियम मात्र चुकीचा शिकला गेला.

चुकीचे चित्र दिसले असते तर मुलाने विचार केला असता. बरोबर चित्राने त्याचा विचार थांबवला. पुढे काय झाले ते पाहा. त्याच गटाला ध्वनीच्या पाठासाठी 'सायरन चकती' करायची होती. हा प्रयोग जुना आणि फार चांगला आहे. चकतीवर एकात एक अशा चार वर्तुळांवर २४, ३०, ३६ आणि ४८ भोके समान अंतरावर पाडतात. चकती मोटरीवर फिरवायची आणि नळीने एका वर्तुळावर फुंकर घालायची. भोक समोर आले की हवा पलीकडे जाते, नाही आले की अडते. चकती सेकंदाला १० फेरे घेत असेल तर पहिल्या वर्तुळातून सेकंदाला २४० झोत बाहेर पडतात आणि २४० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. पुढच्या वर्तुळांतून ३००, ३६० आणि ४८० हर्ट्झ. हे प्रमाण ४ : ५ : ६ : ८, म्हणजे सा, शुद्ध गंधार, पंचम आणि तार सा.

मुलांनी आपला नियम लावला. चारही वर्तुळांना एकेक वाढवून २५, ३१, ३७ आणि ४९ या संख्या टाकल्या. पण वर्तुळाला कड नसते. हवेत पडायला तेथे जागाच नव्हती. सांगितली तेवढी सगळी भोके चकतीवर आली, आणि अगदी समान अंतरावर आली. डोळ्यांना चकतीत काहीही दोष दिसत नव्हता. ४९ भोके कोण मोजणार? दोष सापडला तो कानाला. गटातली एक मुलगी गाणे शिकत होती. फुंकर घालून ऐकताच ती म्हणाली, "वरचा सा लागत नाहीये." तिचे बरोबर होते. सेकंदाला १० फेऱ्यांना खालचा सा २५० हर्ट्झचा झाला होता. त्याचा तार सा ५०० असायला हवा, तो ४९० च होता. पंचम ३७५ ऐवजी ३७०, गंधार ३१२.५ ऐवजी ३१०.

एका वाक्याचे चार अर्थ

मुलाला दोष देण्याआधी आपण त्याला दिलेले वाक्य तपासू. '३०० मिलिमीटरच्या पट्टीवर सहा भोके समान अंतरावर पाडा.' हे वाक्य पूर्ण आहे का? मला त्याचे किमान चार अर्थ दिसतात.

पहिला अर्थ : पहिले भोक एका टोकाला, शेवटचे दुसऱ्या टोकाला. गाळे पाच, अंतर ३०० ÷ ५ = ६० मिलिमीटर. कुंपणाच्या खांबांना हा अर्थ योग्य आहे. भोकांना नाही, कारण टोकाची भोके अर्धी पट्टीबाहेर जातील.

दुसरा अर्थ : कडेपासून पहिल्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि दोन भोकांच्या मध्यांतील अंतर सारखे. गाळे सात, अंतर ३०० ÷ ७ = ४२.८६ मिलिमीटर.

तिसरा अर्थ : पट्टीचे सहा सारखे तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी एक भोक. अंतर ३०० ÷ ६ = ५० मिलिमीटर, कडेला त्याच्या निम्मे, म्हणजे २५. अशा दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडल्या तर सांध्यावरही अंतर ५० च राहते. आपल्या मुलाला नकळत हेच उत्तर मिळाले होते.

चौथा अर्थ : भोकांच्या मधला जो भरीव भाग उरतो तो सगळीकडे सारखा, कडेलाही तेवढाच. सहा भोकांनी १२० मिलिमीटर खाल्ले, उरले १८०. त्याचे सात भाग, प्रत्येक २५.७१. म्हणून मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ४५.७१ आणि पहिला मध्य कडेपासून ३५.७१ वर. भोकाचा व्यास विचारात घ्यावा लागतो तो फक्त याच अर्थात.

साठ, त्रेचाळीसच्या जवळपास, पन्नास आणि पंचेचाळीसच्या वर. एकाच वाक्याची ही चार उत्तरे आहेत आणि चारही 'समान अंतर' या शब्दांशी प्रामाणिक आहेत. कोणते घ्यायचे हे वस्तू कशासाठी आहे त्यावर ठरते. भागाकार करण्याआधी हा निर्णय घ्यावा लागतो, आणि खरे गणित या निर्णयातच आहे. मागून येणारा भागाकार पाचवीतले मूलही करील.

आज्ञावल्या काय करतात?

आता काही प्रचलित आज्ञावल्या या दृष्टीने पाहू.

ऑटोकॅडमध्ये 'डिव्हाइड' ही आज्ञा आहे. ती भोके मोजत नाही, भाग मोजते. एखाद्या रेषेला ६ सांगितले तर ती रेषेचे सहा भाग करते आणि पाच बिंदू ठेवते. वर्तुळाला ६ सांगितले तर सहा बिंदू ठेवते. दोन्ही वागणुकी बिनचूक आहेत. 'भाग' हा शब्द धरून ठेवला तर दोन्ही आपोआप कळतात. तिची जोडीदार 'मेझर'. तिला अंतर सांगायचे. ती एका टोकापासून तेवढ्या अंतरावर बिंदू टाकत जाते आणि उरलेला तुकडा दुसऱ्या टोकाला तसाच सोडते. भागाकाराचे दोन अर्थ, सारखी वाटणी आणि पुन्हापुन्हा वजाबाकी, या दोन आज्ञांत वेगवेगळे दिसतात. शिक्षकाला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

'फ्रीकॅड' ही विनामूल्य आज्ञावली. तिची पहिली आवृत्ती २००२ ची, आणि १.० क्रमांकाची आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. शाळेला परवडणाऱ्या आज्ञावल्यांत ती फारच समर्थ आहे. तिच्या वर्तुळाकार पॅटर्नला एकूण कोन आणि संख्या द्यायची. कोन ३६० अंश आणि संख्या ६ दिली तर दोन भोकांत ६० अंशांचे अंतर पडते. आता कोन ३५० करा. दहा अंश कमी केले, म्हणजे भोके थोडी जवळ यायला हवीत. ती लांब जातात. अंतर ७० अंश होते! कारण पूर्ण वर्तुळ असेल तर आज्ञावली ६ ने भागते आणि वर्तुळ अपुरे असेल तर ५ ने. ३६० ला शेवटचे भोक पहिल्यावरच येऊन पडेल म्हणून हा अपवाद केलेला आहे. अपवाद शहाणपणाचा आहे, पण तो पडद्यामागे राहतो. वापरणाऱ्याला फक्त भोके उडी मारताना दिसतात.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. उघड्या रेषेवर गाळे भोकांपेक्षा एकाने कमी आणि बंद वर्तुळावर गाळे व भोके सारखीच, हा या विषयातला गाभ्याचा मुद्दा. तो आज्ञावली लिहिणाऱ्यांना पक्का ठाऊक आहे. त्यांनी तो आपल्या वतीने सोडवून ठेवला आहे. अभियंत्याला ही सोय आहे, कारण तो हा प्रश्न आधीच शिकून आलेला असतो. नववीतल्या मुलाला तो प्रश्न भेटतच नाही.

'टिंकरकॅड' ही शाळांत सर्वांत जास्त दिसणारी आज्ञावली. तिच्यात वस्तूची नक्कल करायची, ती हवी तेवढी सरकवायची, आणि तीच कळ पुन्हा दाबत राहायची. प्रत्येक वेळी नवी नक्कल तेवढीच सरकते. ही पद्धत ओबडधोबड म्हणून हिणवली जाते. मला मात्र ती शाळेसाठी बरी वाटते. ती भागाकार करून देत नाही, त्यामुळे किती सरकवायचे हे मुलाला आधी कागदावर काढावे लागते. शिवाय कळ पाच वेळा दाबली की भोके सहा होतात, हा अनुभव बोटांना येतो.

'ओपनएसकॅड' मध्ये उंदीर फिरवून काही काढायचे नसते; वस्तूचे वर्णन लिहायचे असते. वर्तुळावर सहा भोके हवीत तर काहीसे असे लिहावे लागते : 'क' ची किंमत ० पासून ५ पर्यंत घे, प्रत्येक वेळी ३६० गुणिले क भागिले ६ एवढ्या अंशांतून फिरव आणि तेथे भोक पाड. यात काहीच लपलेले नाही. शून्यापासून का, पाचपर्यंतच का, सहाने का भागायचे, प्रत्येक प्रश्न उघड्यावर आहे. पण येथेही एक खड्डा आहे. कुणी ० पासून ६ पर्यंत लिहिले तर सातवे भोक बरोबर पहिल्यावर पडते आणि चित्रात कोणताही फरक दिसत नाही. म्हणजे लिहिण्याची सक्ती करूनही चित्र पाहून चूक कळेलच असे नाही. मोजावे लागते.

समान म्हणजे अचूक नव्हे

दुसरा आक्षेप थोडा वेगळा आहे, आणि त्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशीय उपकरणे ज्या टेबलावर बसवतात त्यावर दर २५ मिलिमीटरवर ६ मिलिमीटर बोल्टची आट्यांची भोके असतात. इंच पद्धतीच्या टेबलांवर तीच भोके एक इंचावर, म्हणजे २५.४ मिलिमीटरवर असतात. एका नव्या पट्टीचे आरेखन करताना मी अंतर २५.४ टाकले, टेबल मेट्रिक होते. पट्टीतली भोके ६.६ मिलिमीटरची, म्हणजे बोल्टला एकंदर ०.६ मिलिमीटरची सैलसर जागा. पहिला बोल्ट सहज बसला. दुसऱ्याला ०.४ चा फरक. तो ओढूनताणून बसला. तिसऱ्याला ०.८ चा फरक. तो बसणे शक्यच नव्हते.

हाताने आखणी करणाऱ्या फिटरकडूनही चुका होतात. पण त्या विखुरलेल्या असतात, एक भोक जरा इकडे, एक जरा तिकडे, आणि नुसत्या नजरेला खटकतात. पॅटर्नच्या आज्ञेत चूक एकच होते आणि ती प्रत्येक गाळ्यात इमानाने उतरते. ओळ इतकी देखणी दिसते की शंका येतच नाही. आकडा जवळच्या पूर्णांकात घेतानाही हेच होते. ४२.८६ ऐवजी सोयीसाठी ४३ घेतले तर एका गाळ्यात फरक जेमतेम ०.१४ मिलिमीटरचा, पण पाच गाळ्यांनंतर तो ०.७ मिलिमीटरच्या पुढे जातो.

म्हणून कारखान्यात अशा भोकांची मापे शक्यतो एकाला एक जोडून देत नाहीत. सर्व मापे एकाच कडेपासून देतात. प्रत्येक मापात ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे चालेल असे धरले, तर साखळीने मोजलेल्या सहाव्या भोकापाशी पाच गाळ्यांची चूक साठून वाईटात वाईट स्थितीत ०.५ होऊ शकते. एका कडेपासून मोजले तर प्रत्येक भोकाची चूक ०.१ च्या आतच राहते. प्रयोगवहीत पट्टीने मोजमाप करताना हीच सवय आपण मुलांना लावतो : पट्टी उचलून पुन्हापुन्हा ठेवू नका, शून्य एकदाच लावा.

लोखंडी गुरू

संगणकाच्या आधी हे काम कसे होत असे? आजही अनेक कार्यशाळांत 'इंडेक्सिंग हेड' नावाचे साधन पाहायला मिळते. त्याचे हँडल ४० वेळा फिरवले की त्यात पकडलेली वस्तू एकदा फिरते. वर्तुळावर सात भोके हवीत असे समजू. ४० ला ७ ने भागले की ५ पूर्णांक ५/७ फेरे येतात. ५/७ फेरा कसा मोजायचा? त्यासाठी हँडलमागे एक तबकडी असते आणि तिच्यावर वेगवेगळ्या संख्यांची भोके असलेली वर्तुळे असतात. त्यातले २१ भोकांचे वर्तुळ निवडायचे, कारण ५/७ म्हणजेच १५/२१. पाच पूर्ण फेरे आणि वर १५ भोके पुढे, की पुढचे भोक पाडायचे.

येथे नवशिका कारागीर हमखास चुकतो. पिन ज्या भोकात आहे त्यालाच तो 'एक' म्हणतो आणि एक भोक कमी पुढे जातो. हे टाळण्यासाठी तबकडीवर दोन सरकती पाती असतात. त्यांच्या मधे १५ गाळे, म्हणजे दोन्ही टोकांची धरून १६ भोके, येतील अशी ती एकदाच बसवून ठेवायची. गाळे मोजायचे, भोके नव्हेत, हा धडा त्या दोन पात्यांत आहे आणि तो डोळ्यांसमोर आहे. हे साधनही कारागिराचे श्रम वाचवते. पण अडचण झाकून नव्हे, दाखवून.

सातच भोके घेण्यामागे आणखी एक कारण होते. सहा भोके असतील तर कंपासमध्ये त्रिज्या घेऊन वर्तुळावर सहा खुणा करता येतात. हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सात समान भाग फक्त कंपास आणि मोजपट्टीविना सरळकडेने करता येत नाहीत. गाऊसने १७९६ मध्ये सतरा बाजूंची सुसम आकृती अशी काढता येते हे दाखवले आणि वान्त्सेलच्या १८३७ मधील सिद्धतेने सात बाजूंची येत नाही हे पक्के झाले. मग व्यवहारात? १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ३१४.१६, त्याचा सातवा भाग ४४.८८. एवढे अंतर कंपासमध्ये घेऊन खुणा केल्या तर आठवी खूण पहिल्यावर येत नाही, पुढे निघून जाते. कारण कंपास कंस मोजत नाही, जीवा मोजतो. आणि जीवेची लांबी ४३.३९ आहे. दीड मिलिमीटरचा हा फरक मुलांनी एकदा स्वतः काढून पाहावा. 'समान अंतर' म्हणताना अंतर कशावरून मोजले, वाकड्या वाटेने की सरळ, हाही प्रश्न विचारावा लागतो हे त्यातून कळते.

मग काय करावे?

आज्ञावल्यांच्या बाजूने बोलायला हवे. एकदा नीट बसवलेल्या पॅटर्नमध्ये सहाचे आठ करायला क्षण पुरतो. शंभर भोकांची जाळी हाताने आखणे हे शिक्षण नव्हे, हमाली आहे. आरेखन बदलून पाहणे स्वस्त झाले, हा कॅडचा खरा उपकार आहे. तेव्हा शाळेत ही आज्ञा वापरू नये असा निष्कर्ष कृपया काढू नये. आज्ञावल्यांनी संख्या विचारताना शेजारी 'गाळे इतके, प्रत्येक गाळा इतका' अशी एक ओळ दाखवली तरी माझी निम्मी तक्रार मिटेल.

उरलेली निम्मी शिक्षकांच्या हाती आहे. कळ दाबण्याआधी मुलांनी कागदावर एक रेघ मारून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. वाट उघडी आहे की बंद? कडेला किती जागा सोडायची आणि का? पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत गाळे किती? मग आकडे टाकावेत, आणि पडद्यावर भोके आल्यावर ती मोजावीत; शेवटच्या भोकाचे कडेपासूनचे अंतर आज्ञावलीच्याच मापनाने तपासावे. त्यात सारी मिळून पाच मिनिटे जातात.

त्या शाळेत आम्ही तेच केले. नियम सांगणाऱ्या मुलाने कागदावर रेघ मारली, खुणा केल्या, गाळे मोजले आणि थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने पट्टीच्या आरेखनात एकूण लांबी ३०० ची २५० केली आणि संख्या सातची पुन्हा सहा केली. चित्र अगदी आधीसारखेच दिसले. भोके २५ पासून २७५ पर्यंत, दर पन्नासावर. "म्हणजे तेव्हा सातवं कुठे होतं?" शेजारच्याने विचारले. त्याने पट्टीच्या उजव्या कडेपलीकडे रिकाम्या पडद्यावर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी २४, ३०, ३६ आणि ४८ भोकांची नवी चकती तयार झाली. वरचा सा लागला की नाही हे त्या मुलीलाच विचारायचे, असे सर्वांनी आधीच ठरवून टाकले होते.